खोली नंबर चारचा कब्जेदार

आमचे बाबा जमीन मोजायच्या खात्यातून रिटायर होऊन वीस वर्षं झाली, पण त्यांच्या पायांना ते अजून कुणी कळवलेलं नाही. लग्नाला गेले तरी मांडवाची लांबी पावलांनी काढतात. एकदा दवाखान्यात ॲडमिट होते, तर सलाईन लावलेल्या अवस्थेत दोन खाटांमधलं अंतर त्यांनी मला सांगितलं. मी नर्स आहे, त्याच वॉर्डात ड्युटी होती. दुपारी मोकळी झाले तेव्हा मोजून पाहिलं, तर बरोबर निघालं. त्यामुळे घर बांधायचं ठरलं आणि इंजिनिअरनं भावाच्या मोबाईलवर दोन नकाशे पाठवले, तेव्हाच मला कळलं होतं की हा माणूस कागदावर थांबायचा नाही.

प्लॉट सावंगीच्या पुढे, एका लेआउटमध्ये. बाबांनी नोकरीत असताना घेतलेला, तीस बाय पन्नास. आम्ही राहतो वर्ध्यात, जुन्या घरात: तीन खोल्या, मागे स्वयंपाकाची छपरी, आणि सात माणसं. बाबा, माय, धाकटा भाऊ, वहिनी, त्यांच्या दोन मुली आणि मी. पुढची खोली माझी. म्हणजे टीव्हीची, चपलांची, पेपरवाल्याची, गॅसवाल्याची, आणि मग माझी. रात्रपाळी करून आलं की मला दिवसा झोपावं लागतं, आणि आमच्या पुढच्या खोलीत दिवसा झोपणं म्हणजे बसस्टँडवर झोपणं. येणारा प्रत्येक जण म्हणतो, ‘झोपू द्या, झोपू द्या,’ आणि माझ्या पायाशी दिवाणावर बसतो. मी तोंडावर ओढणी घेऊन त्यांच्या गावच्या सगळ्या बातम्या ऐकते. पांघरुणाखालून मला कारंजा तालुक्यातली अर्धी लग्नं तोंडपाठ झाली आहेत.

आता मी इथं का, हेही सांगून टाकते. मला हिंगणघाटला दिली होती. आठ महिन्यांत परत आले, पुढे कोर्टाचा कागदही आला. त्या आठ महिन्यांबद्दल मी कुणाला सांगत नाही आणि इथंही सांगणार नाही. परत आले तेव्हा शेजारणीनं विचारलं, तर माय म्हणाली, ‘आली हाये काई दिवस.’ तेच उत्तर ती अजून देते. तर मी चोवीस वर्षांपासून काही दिवस आलेली आहे. नवीन कपाट घ्यायचं म्हटलं की माय म्हणते, ‘काऊन खर्च करतं? पेटी हाये नं.’ लग्नात दिलेली लोखंडी पेटी. माझे सगळे कपडे अजून त्यातच आहेत, ड्युटीचा धुतलेला कोट हवा असला की खालपर्यंत उकरावं लागतं.

तर नकाशे. दोन्हींत वरचा मजला सारखाच होता, तिथं भाऊ-वहिनी आणि मुली. भानगड खाली होती. पहिल्या नकाशात हॉल, किचन, माय-बाबांची खोली, आणि चौथी एक दहा बाय दहाची खोली. तिच्यावर लिहिलेलं ‘गेस्ट’. दुसऱ्या नकाशात ती खोलीच नव्हती, तिथं पार्किंग होतं आणि त्यात एक गाडी काढून दाखवली होती, वरून दिसते तशी, चार चाकांसकट. मी चष्मा लावून दोन्ही नकाशे दोनदा पाहिले. एका नकाशात मी पाहुणी होते, दुसऱ्यात मी चारचाकी होते.

भावाला पार्किंग पाहिजे होतं. तो समुद्रपूरला मास्तर आहे, रोज एसटीनं जातो-येतो, आणि गाडी घ्यायची त्याची फार हौस. वहिनीला गेस्ट रूम पाहिजे होती. तिचे आई-वडील कारंज्याहून येतात आणि त्यांना नीट टेकायला जागा नसते, हे खरंच आहे, मी नाही म्हणत नाही. ती मला म्हणालीसुद्धा, ‘ताई, पाहुणे नसले की तुम्हीच झोपजा नं तिथं!’ अगदी प्रेमानं म्हणाली. मी ‘बरं’ म्हणाले आणि भाजी निवडत बसले. वांग्यात कीड होती, ती मी जरा जास्तच जोरात चिरली.

मधल्या काळात बाबांचं इंजिनिअरशी वेगळंच चाललं होतं. दोन्ही नकाशांत हॉलच्या कोपऱ्याला पाच बाय चारची एक खोली होती, ‘पूजा’. बाबांनी प्रिंट काढून आणली आणि पूजेवर लाल पेननं काट मारली. पुढच्या आठवड्यात नकाशा दुरुस्त होऊन आला, त्यात जिना सरकला होता आणि पूजा तिथंच होती. बाबांनी पुन्हा काट मारली. तिसऱ्या वेळी त्यांनी फोन लावून सांगितलं, ‘आम्ही बौद्ध आहोत. आमची वंदना हॉलमध्ये होते, सगळ्यांनी मिळून. देवघर नको.’ तो बिचारा म्हणाला, ‘काका, ठेवा. ईशान्य कोपरा आहे, उद्या घर विकायचं झालं तर बरं पडते.’ बाबा म्हणाले, ‘ईशान्येला काय आहे ते मी मोजलं आहे. तिथं नाली आहे.’ आणि फोन ठेवला. अजून वीट लागली नव्हती आणि घर विकायला निघालं होतं.

शेवटी पूजा काही जाईना, तेव्हा घरच्यांनी त्या पाच बाय चारचं काय करायचं ते ठरवायला घेतलं. वहिनी म्हणाली डबे ठेवू. भाऊ म्हणाला इन्व्हर्टर. आणि माय म्हणाली, ‘ताईची पेटी राहीन तिथं.’ सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्या पेटीची सोय सगळ्यांत आधी झाली. त्या दिवशी मला इतका राग आला की मी ड्युटी नसताना दवाखान्यात जाऊन बसले. मॅट्रन म्हणाली, काय गं, आज सुट्टी ना? मी म्हटलं, घरी पाहुणे आहेत.

तुम्ही म्हणाल, तोंड होतं ना तुला, बोलायचं होतं. होतं तोंड. वॉर्डात माझ्या आवाजाला मोठमोठे डॉक्टर दचकतात. पण आपल्याच घरी उभं राहून ‘मले एक खोली द्या’ म्हणायला माझी जीभ उचलेना. मागून घेतलेली खोली मला नको होती. कुणाच्या तरी आपोआप ध्यानात यावं, एवढीच माझी इच्छा होती, आणि एक महिना झाला तरी ते कुणाच्या ध्यानात येत नव्हतं. मी झुरत होते, सरळ सांगायचं तर. पंचेचाळीस वर्षांच्या भावाला जे मिळतं ते एक्कावन्न वर्षांच्या बहिणीला सुचवावं लागतं, याचं मला फार वाईट वाटत होतं.

मग बाबांनी जाहीर केलं की येत्या रविवारी दोन्ही नकाशे प्लॉटवर प्रत्यक्ष आखायचे, सगळ्यांनी त्यात फिरायचं आणि मग निकाल. कागदावर कुणालाच काही कळत नाही, असं त्यांचं नोकरीतलं मत. आम्ही डबे, सतरंजी आणि बाज घेऊन गेलो. बाज कशाला, तर ती खोलीत ठेवून फिरता येतं का पाहायला. बाबा पहाटेच भावाला घेऊन तिथं जाऊन टेप लावून बसले होते. खुंट्या, सुतळी, आणि पहिला नकाशा चुन्याच्या पांढऱ्या फक्कीनं, दुसरा विटेच्या लाल चुऱ्यानं. एकावर एक. मोजमाप सुतभरही चुकलं नव्हतं, फक्त कुणाला काही दिसत नव्हतं. वहिनी किचनमध्ये उभी राहून ओटा कुठं ते दाखवत होती, तेव्हा ती लाल घराच्या संडासात उभी होती.

‘भिंतीतून जायचं नाही,’ बाबा ओरडले, ‘दारातून ये!’ भाऊ सुतळी ओलांडून हॉलमध्ये आला होता. त्याला बाहेर पाठवून पुन्हा दारातून आत घेतलं. आणि मग सगळ्यांचं एकच सुरू झालं: ‘अबाबा, एवढीशी?’ उघड्या जमिनीवर आखली की खोली लहान दिसते, कितीही मोठी असू द्या. वर छत नसतं, बाजूला भिंत नसते, डोळा दूर रस्त्यापर्यंत जातो. बाबांना हे चांगलं ठाऊक होतं, आयुष्यभर त्यांनी लोकांची भांडणं याच्यावरूनच ऐकली होती. माझे वडील चाळीस वर्षं दुसऱ्यांना ‘जमीन तेवढीच आहे’ एवढं एकच वाक्य सांगत होते, आता आम्हाला सांगत होते.

लगतच्या शेताचे काका तेवढ्यात धुऱ्याच्या बांधावरून आले. ते वांगी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर लावतात आणि पहाटे बाजारात नेतात. बाबांनीच बोलावलं होतं. मोजणी म्हटली की लगतदार हजर पाहिजे आणि त्याची सही पाहिजे, त्याशिवाय बाबांना मोजणी झाल्यासारखी वाटत नाही. काकांनी एक टोपलीभर वांगी हॉलच्या मधोमध ठेवली आणि ते माय-बाबांच्या खोलीतल्या बाजेवर बसले.

बाबांनी पॅड काढलं. घरी बसून त्यांनी रकाने आखून आणले होते: खोली नंबर, लांबी-रुंदी, चतुःसीमा, कब्जेदार. मी हसले. भाऊ म्हणाला, ‘बाबा, हे घर हाये, वावर नाई.’ बाबा म्हणाले, ‘वावर असो का घर, नोंद नसली की भांडण होते.’ आणि ते वाचायला लागले, अगदी ऑफिसातल्या आवाजात. खोली नंबर एक, हॉल. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस किचन, दक्षिणेस खोली नंबर चार, उत्तरेस तीन फुटांची सांदी. कब्जेदार, सामाईक. खोली नंबर दोन, किचन. कब्जेदार, सामाईक. वहिनी हळूच म्हणाली, ‘सामाईक म्हन्जे मीच.’ बाबांनी तेही लिहिलं. खोली नंबर तीन, कब्जेदार स्वतः व पत्नी.

‘खोली नंबर चार,’ बाबा म्हणाले. ‘दहा बाय दहा. कब्जेदार?’

‘पाव्हने,’ वहिनी म्हणाली.

‘पाहुण्याची नोंद होत नाही. माणसाचं नाव सांग.’

‘बाबा, मंग पार्किंगच करा नं,’ भाऊ म्हणाला. ‘नाव बी लागत नाई.’

‘माणसाचं नाव,’ बाबा म्हणाले. ते कुणाची बाजू घेत नव्हते, हे मी शपथेवर सांगते. त्यांना फक्त रकाना भरायचा होता. ‘मुक्कामाला कोण कोण येते आपल्याकडे?’

मोजायला लागलो. वहिनीचे आई-वडील, वर्षातून दोनदा. बाबांचे एक जुने साहेब आले होते, ते जेवून गेले. माझी मावशी दवाखान्यात दाखवायला येते, पण ती मायजवळ झोपते. वहिनीचं तोंड उतरलं, तिला वाटलं तिच्या माहेरच्यांची हजेरी चालली आहे.

तेव्हा बाजेवर बसलेले काका म्हणाले, ‘अन् मंग हे पोरगी कुठी झोपते?’

पोरगी म्हणजे मी. केस पांढरे, गुडघ्याला पट्टा. भाऊ खुंटीकडे पाहायला लागला. माय घाईघाईनं म्हणाली, ‘तिचं काय जी भाऊ, ते आज हाये...’ आणि थांबली. उद्या नाही, हे तिनं तोंडातच ठेवलं.

माझं डोकं फिरलं. ‘माय,’ मी म्हणाले, ‘मी उद्या कुठी चालली? सांग तं खरं. मले बी समजू दे. बॅग भरतो मी.’

‘असं काऊन बोलून राह्यली वं?’

‘काऊन म्हन्जे? चोवीस वर्षं झाले. ड्युटीवरून येतो, तोंडावर ओढणी घेऊन पडतो, कपडे बदलाले बाथरूममंदी जातो. तुमच्या दोन्ही नकाशात पाहून घेतलं मी. पेटीले जागा हाये, गाडीले हाये, पाव्हन्याले हाये. मले नाई. मी कोनाची हावो मंग?’

आवाज चढला होता. रस्त्यानं जाणारा एक सायकलवाला थांबून पाहायला लागला. भिंती नसलेल्या घरात भांडायचं म्हणजे हे असं होतं.

वहिनी पटकन म्हणाली, ‘ताई, मी असं म्हनलंच नाई. माहे मायबाप हॉलमंदी झोपतीन. त्याईले टीव्ही लागतेच.’ ती घाबरली होती आणि तिला खरंच वाईट वाटत होतं. मी तिला म्हटलं, तुझ्यावर नाही गं मी. आणि नव्हतेच. मी मायकडे पाहत होते.

मायनं पदर चाळवला. मग म्हणाली, ‘ते स्थळ मीच पाह्यलं होतं.’

तिनं बाबांकडे एकदा पाहिलं.

‘तुहे बाबा नाई म्हनत होते. मीच म्हनलं चांगले लोक हाये. तुही खोली बांधली तं... तं मंग झालंच नं सगळं. मंग काईच राह्यलं नाई. मले वाटे, पोरगी काई दिवस आली हाये असं म्हनत राह्यलं तं अजून मोडलं नाई.’

मला हे माहीत नव्हतं. मला वाटत होतं तिला माझी लाज वाटते. चोवीस वर्षं मी तिच्यावर त्याच कारणानं चिडत होते, आणि ते कारणच चुकीचं निघालं. मला तिची दया आली आणि रागही तेवढाच आला, दोन्ही एकदम, आणि त्यातलं आधी कोणतं बाहेर काढावं ते समजेना. मी एवढंच म्हणाले, ‘माय, ते स्थळ गेलं चुलीत. मले झोप येते.’

काका उठले. ‘मी वांगे ठेवून जातो,’ म्हणाले, आणि जायला निघाले. बाबांनी त्यांना सहीसाठी थांबवून घेतलं.

माय हळूहळू चालत गेली. पांढऱ्या रेघेनं हॉलमधून फिरली, खोली नंबर चारच्या दारातून आत गेली आणि मधोमध उभी राहिली. तिचे गुडघे माझ्यापेक्षा वाईट आहेत. तिनं चहूकडे पाहिलं. मग बाबांना म्हणाली, ‘अहो, हे दार इथं काऊन काढलं? हॉलमंदी टीव्ही राहीन, लोकं राहतीन. ते दिवसा झोपते. दार मांगून पाह्यजे, सांदीतून.’

‘सांदी उत्तरेला आहे,’ बाबा म्हणाले. ‘ही खोली दक्षिणेला.’

‘मंग दक्षिणेले सांदी काढा. तुमाले मोजता येते नं?’

बाबांनी टेप लावली. खोलीमागे दोन फूट आधीच सुटले होते, तीन फुटांची सांदी केली तर खोली दहाची नऊ होत होती. ‘नऊ झाली तं झाली,’ माय म्हणाली. बाबांनी मला विचारलं नाही, मायलाच विचारलं, ‘खिडकी?’ माय म्हणाली खिडकी लहान, उंचावर, उजेड डोळ्यावर यायला नको. भावाला तिनं सांगितलं की गाडी घेशील तेव्हा फाटकाजवळ टिनाचं शेड टाकजो, गाडीले झोप लागत नाई. भाऊ ‘हो’ म्हणाला. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं, आणि तो माझ्याकडे न पाहता माझ्या खोलीची सुतळी धरून उभा होता. बाबांनी कब्जेदाराच्या रकान्यात माझं नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, पूर्ण. हिंगणघाटचं आडनाव त्यांनी लावलं नाही. काकांनी खाली सही केली.

मी तोपर्यंत रडायला लागले होते, चांगली हुंदके देऊन, सगळ्यांसमोर. लपवायला भिंतच नव्हती. वहिनीनं पाण्याची बाटली आणून दिली.

माय मात्र अजून आतच होती. नसलेल्या दाराशी उभी राहून ती हातानं काहीतरी मापत होती, खांद्याच्या उंचीवर.

‘आतून कडी लावा इथं,’ ती बाबांना म्हणाली. ‘मोठी.’ मग माझ्याकडे वळली. ‘अन् मी जरी दार वाजोलं नं, तरी उठू नको. झोपून राहजो.’